टांकसाळीची चूक की नंतरची इजा? विचित्र नाणे हाती आले तर काय पाहायचे

दुकानाच्या गल्ल्यात, एसटीत मिळालेल्या सुट्ट्या पैशांत किंवा आजीच्या पेटीत कधीतरी एखादे वेगळेच नाणे निघते. छाप अर्धवट असतो, अक्षर दुहेरी दिसते, नाहीतर कडेचा चंद्रकोरीएवढा तुकडा गायब असतो. बघणाऱ्यांपैकी कोणीतरी लगेच म्हणते, "जपून ठेवा, लाखाचं आहे." अशी बहुतेक नाणी टांकसाळीतून चांगली बाहेर पडलेली असतात. पुढे त्यांनी कुठेतरी मार खाल्लेला असतो. खऱ्या एरर नाण्याला, म्हणजे टांकसाळीतच चूक झालेल्या नाण्याला, संग्राहक मान देतात. मार खाल्लेल्या नाण्याची किंमत मात्र त्याच्यावर छापली आहे तेवढीच.

दोन्हींतला फरक ओळखायला एक प्रश्न पुरतो: धातू कुठे गेला? धातू आपोआप नाहीसा होत नाही. तो सरकतो, दबतो, कापला जातो किंवा झिजतो. टांकसाळीत तो ठशाच्या खळग्यांत शिरतो. बाहेर मार बसला की आधीच तयार झालेली अक्षरे चेपली जातात. पुढची प्रत्येक पायरी या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठीच आहे.

जवळ काय हवे

- दहापट मोठे दाखवणारे भिंग. सराफ वापरतात तेच, घडीचे. मोबाइलचा झूम याच्या जागी चालत नाही, तो कडा गुळगुळीत करून दाखवतो.
- ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा डिजिटल काटा. किराणा दुकानातला काटा इथे उपयोगाचा नाही.
- व्हर्निअर कॅलिपर, व्यास आणि जाडीसाठी.
- लहान पण जोरदार चुंबक.
- बाजूने प्रकाश टाकता येईल असा टेबल लॅम्प.
- त्याच किमतीचे, त्याच साच्याचे (म्हणजे त्याच चित्र-रचनेचे) आणि शक्यतो त्याच वर्षाचे एक चांगले नाणे. बाकी सगळ्या साधनांपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.
- नोंदवही, कागदी पाकिटे आणि विकत घेतलेल्या नाण्यांच्या पावत्या.

१. नाणे कसे पडते ते आधी समजून घ्या

धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापल्या जातात. या कोऱ्या चकत्या एका यंत्रातून फिरवून त्यांचा काठ जरा उचलून घेतात. मग चकती कॉलर नावाच्या पोलादी कड्यात बसते. खाली एक ठसा, वर एक ठसा, आणि एका दाबात दोन्ही बाजू उमटतात. चकती बाहेर पसरू नये म्हणून कॉलर असते. कडेवरचे दातेही कॉलरच उमटवते.

म्हणजे चूक तीनच ठिकाणी होऊ शकते: चकतीत, ठशात किंवा दाबाच्या क्षणी. हातातल्या नाण्यावरची खूण या तिन्हींपैकी कुठे झाली हे सांगता येत नसेल, तर ती नंतरची इजा समजा. शंका असेल तर निकाल इजेच्या बाजूने द्यायचा, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

२. टांकसाळ आणि मूळ माप शोधा

वर्षाच्या खाली पाहा. चौकट म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, टिंब म्हणजे नोएडा. काहीच खूण नसेल तर कोलकाता. मराठवाड्यात मुंबई आणि हैदराबादची नाणी भरपूर दिसतात.

आता माप. हाताशी ठेवण्यासारखे काही आकडे:

- एक रुपया, १९९२ पासूनचा पोलादी: ४.८५ ग्रॅम, २५ मिमी
- एक रुपया, २०११ ची मालिका: ३.७९ ग्रॅम, सुमारे २२ मिमी
- दोन रुपये, जुने अकरा कोनांचे, तांबे-निकेलचे: ६ ग्रॅम, २६ मिमी
- दोन रुपये, २०११ ची मालिका: ४.८५ ग्रॅम, २५ मिमी
- पाच रुपये, जुने जाड, तांबे-निकेलचे: ९ ग्रॅम, २३ मिमी
- पाच रुपये, पिवळे: ६ ग्रॅम, २३ मिमी
- दहा रुपये, २०११ ची मालिका: ७.७१ ग्रॅम, २७ मिमी

या यादीतच एक सापळा आहे. २०११ चे दोन रुपये आणि जुना पोलादी रुपया यांचे वजन, व्यास आणि धातू सारखेच आहेत. २०११ चा रुपया आणि १९८८ पासूनची पोलादी आठ आणे यांचेही तसेच. "दोन रुपयांचा छाप जुन्या रुपयाच्या चकतीवर पडलाय" असे कोणी सांगितले, तर या मालिकेत ते मापाने सिद्ध करताच येत नाही.

३. काटा, कॅलिपर, चुंबक, याच क्रमाने

वजन तीन वेळा घ्या. वापरातले नाणे झिजून थोडे हलके होते, ते चालते. फरक मोठा असेल तर तुकडा कमी आहे, नाणे घासले आहे किंवा आम्लात बुडवले आहे.

आम्लात टाकलेले नाणे नवख्यांना हमखास फसवते. ते सगळीकडून सारखे पातळ होते, व्यास घटतो, अक्षरे बारीक आणि दूरदूर दिसतात, आणि पृष्ठभाग रव्यासारखा खरखरीत होतो. विकणारा ते "पातळ चकतीवर पडलेले" म्हणून दाखवतो. पण चकती पातळ असली तरी कॉलरमुळे व्यास बरोबर भरतो. वजन कमी आणि व्यासही कमी असेल, तर आम्लाचाच संशय घ्या.

चुंबकाची चाचणी सोपी आहे, पण तिचा अर्थ लावताना लोक चुकतात. पोलादी नाणे चिकटते, तांबे-निकेलचे किंवा पितळी नाणे चिकटत नाही. एकच किंमत वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या धातूंत निघाली आहे. पाच रुपये तर तांबे-निकेल, पोलाद आणि निकेल-पितळ अशा तिन्हींत आहेत. एक चिकटले आणि दुसरे चिकटले नाही, एवढ्याने चूक ठरत नाही. त्या वर्षी, त्या साच्यात कोणता धातू होता ते आधी पाहा.

४. खूण उंच आहे की खोल?

दिवा बाजूने लावा आणि नाणे सावकाश फिरवा. ठशाला तडा गेला की त्या तड्यात धातू शिरतो. म्हणून नाण्यावर ती रेघ उंच उमटते, केसासारखी वाकडीतिकडी, अक्षरांवरून आणि मोकळ्या जागेवरून सलग जाणारी. नंतर पडलेला ओरखडा खोल असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना धातूची बारीक वळी उठलेली दिसते, नांगराच्या तासाला उठते तशी.

ठशाचा काठाजवळचा तुकडाच तुटला, तर नाण्यावर काठाला चिकटलेला सपाट, उंच गोळा येतो. इथे नाणे उलटून पाहाच. दाबाच्या वेळी धातू त्या पोकळीत गेल्याने मागच्या बाजूला त्याच जागी छाप कमजोर असतो. मागचा छाप ठणठणीत असेल, तर वरचा गोळा डाखाचा किंवा चिकटवलेला असण्याची शक्यता मोठी. डाखाचा रंगही जरा वेगळा असतो आणि कडा थेंबासारख्या गोल.

५. एकेक प्रकार तपासताना

*कडेचा तुकडा नाही.* पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, की पुढची चकती आधीच्या भोकावर चढते आणि चंद्रकोरीएवढा भाग कमी पडतो. पट्टीच्या टोकाशी कापली गेली तर कड सरळ राहते. खरी कापणी छापण्याच्या आधी झालेली असते, म्हणून दाबाच्या वेळी धातू त्या मोकळ्या कडेकडे वाहतो. जवळची अक्षरे तिकडे ओढल्यासारखी आणि पुसट होतात. त्याहून मोठा पुरावा बरोबर समोरच्या काठावर मिळतो. काठ उचलणाऱ्या यंत्रात एका बाजूला चकतीच नसेल तर समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही, आणि तिथला काठ बसका, अर्धवट राहतो. संग्राहक याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. हा परिणाम नसला म्हणून नाणे खोटे ठरत नाही, विशेषतः कापणी लहान असेल तर. पण असला की खात्री वाढते. कात्रीने किंवा कानसीने कापलेल्या नाण्यात अक्षरे कडेवर पोहोचून एकदम तुटतात, कापलेल्या तोंडावर समांतर रेघा असतात आणि एका बाजूला धारदार वळी राहते.

*सरकलेला छाप.* चकती नीट बसलीच नाही, तर छाप एका बाजूला सरकतो आणि दुसरीकडे कोरी कोर राहते. असे नाणे कॉलरच्या बाहेर पडते, म्हणून त्याचा आकार चोख गोल नसतो आणि कडेवर नीट दाते नसतात. वजन मात्र पूर्ण असते. कोरा भाग घासून केला असेल, तर वजन कमी भरते आणि भिंगाखाली कानसीच्या किंवा पॉलिश कागदाच्या एकाच दिशेने गेलेल्या रेघा दिसतात. छाप सरकूनही वर्ष पूर्ण दिसत असेल तर संग्राहक त्याला जास्त किंमत देतात.

*पसरट नाणे.* कॉलर खाली राहिली, तर नाणे पसरते: व्यास जास्त, कड गुळगुळीत, वजन पूर्ण. अडचण अशी की मनमाड-परभणी-नांदेड मार्गावर पोरांनी रुळावर ठेवलेल्या नाण्याचेही वजन पूर्णच असते. म्हणून वजनावर थांबू नका, छाप पाहा. खऱ्या नाण्यात मधला छाप ठसठशीत आणि मूळ आकाराचा असतो, पसरट भाग त्याच्या बाहेर असतो. रुळावरच्या नाण्यात अक्षरेच लांबट होतात, चेपतात, आणि नाणे पातळ होऊन जरा वाकते.

*लखी.* आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले, की पुढच्या चकतीवर त्या नाण्याचा उलटा, आत गेलेला छाप पडतो, आरशात दिसतो तसा. आपल्याकडे संग्राहक याला लखी म्हणतात. त्याच्याभोवती लक्ष्मीच्या, भरभराटीच्या समजुती आहेत, आणि म्हणूनच नकलाही खूप होतात. व्हाईसमध्ये दोन नाणी एकमेकांवर आवळली, की मऊ नाण्यावर दुसऱ्याची अक्षरे उलटी उमटतात. तिथे मूळ छाप शिल्लक असतो आणि त्याच्यावर उलटी अक्षरे चढलेली दिसतात, बहुधा अर्धवट. मागच्या बाजूचे उंच भागही चपटे झालेले असतात. खऱ्या लखीत एका बाजूला स्वच्छ उलटा छाप आणि दुसऱ्या बाजूला स्वच्छ सुलटा छाप असतो. दोन्ही बाजूंचे चित्र एकच असते.

*फिरलेला ठसा.* नाणे वर-खाली दोन बोटांत धरा आणि दारासारखे आडवे फिरवा. भारतीय प्रजासत्ताकाच्या नाण्यांत मागची बाजूही सरळच यायला हवी. तिरकी किंवा उलटी आली तर ठसा फिरलेला आहे. पाच-दहा अंशांच्या फरकाला कोणी विचारत नाही. ९० किंवा १८० अंशांचा फरक जपून ठेवा. नवख्याने सुरुवात इथून करावी असे आमचे मत आहे, कारण अखंड धातूच्या नाण्यात हे घरी बनवणे अवघड आहे. दहा रुपयांत मात्र सावध राहा: मधली चकती ठोकून काढून, फिरवून परत बसवता येते. तसे केले असेल तर सांध्याभोवती ठोक्याच्या खुणा असतात आणि चकती जरा वरखाली बसलेली असते.

*दुहेरी अक्षर.* ठसा तयार करतानाच छाप दोनदा पडला, तर दोन्ही अक्षरे गोलसर, उंच असतात आणि टोकांशी फाटा फुटलेला दिसतो. दाबाच्या शेवटी ठसा किंचित हलला, तर अक्षराची एक बाजू पायरीसारखी सपाट चेपते आणि मूळ अक्षर बारीक होते. हे दुसरे फार सर्रास आढळते. "डबल छाप" म्हणून विकायला येते ते बहुतेक हेच. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

*गायब अक्षर.* ठशाच्या खळग्यात वंगण आणि धूळ साचली की अक्षर उमटत नाही. तिथला पृष्ठभाग शेजारच्या जागेशी समपातळीत असतो. खरडून काढलेल्या अक्षराच्या जागी खळगा आणि चमक दिसते. टांकसाळीची खूण अशी भरून गेली, तर मुंबईचे नाणे कोलकात्याचे वाटू शकते, हेही लक्षात असू द्या.

*दोन्ही बाजूंना सारखाच, सुलटा छाप.* दोन नाणी कातून, एकात एक बसवून असे नाणे करतात. जादूवाले ते वापरतात. काठाच्या आतल्या बाजूने भिंग फिरवा, गोल सांधा सापडतो. फरशीवर टाकले तर आवाज बद्द येतो.

६. आपल्या भागात नेहमी दिसणाऱ्या इजा

काही इजा इतक्या वेळा समोर येतात की त्या पाठच असाव्यात.

तांड्यांवरच्या बंजारा दागिन्यांतली आणि कपड्यांवरची नाणी: चार आणे, आठ आणे, रुपये. यांना भोक असते किंवा कडी डाखलेली असते. कडी काढली तरी काठावर डाखाचा राखाडी डाग राहतो. ड्रिलने पाडलेल्या भोकाला बाहेर पडण्याच्या बाजूला वळी असते आणि भोक अक्षर कापून जाते. दागिना म्हणून त्या नाण्याला वेगळे मोल आहे, पण एरर म्हणून नाही. त्याचबरोबर १९४३ ते १९४७ मधला भोकाचा पैसा मुळातच तसा पाडलेला आहे. त्याचे भोक ही चूकही नाही आणि इजाही नाही.

पत्र्याच्या छपराला खिळ्याखाली किंवा मोटारीच्या नटाखाली वॉशर म्हणून लावलेले नाणे: मध्ये भोक, भोवती गोल दाबाची कडी, आणि गंज.

गोदावरीत टाकलेली नाणी: पैठण, गंगाखेड, नांदेडच्या घाटांवरून निघालेल्या नाण्यांचे काठ वाळूने गोल झालेले आणि पृष्ठभाग खड्ड्याखड्ड्यांचा असतो. काळ्या रानातून नांगरटीत वर आलेल्या तांब्याच्या नाण्यावरचे हिरवे खड्डेही असेच. त्याला थर सुटलेली चकती म्हणू नका. खरा सुटलेला थर पापुद्र्यासारखा एका दिशेने उलगडतो.

जाळातून निघालेले नाणे: फोड, काळे-निळे रंग, मऊ झालेली अक्षरे. पिवळा किंवा तांबडा मुलामा दिलेले पोलादी नाणे "वेगळ्या धातूचे" म्हणून दाखवतात. त्याला चुंबक लावा आणि कड भिंगाखाली पाहा, घासलेल्या जागी खालचा पांढरा धातू दिसतो.

७. निजामाची आणि त्याआधीची नाणी वेगळ्या नजरेने पाहा

१९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे इथल्या घरांत हाली सिक्का, म्हणजे निजामाचे नाणे, निघतोच. चारमिनारचा चांदीचा रुपया ११.१८ ग्रॅमच्या आसपास असतो, तर इंग्रजी रुपया ११.६६ ग्रॅमचा. हाली रुपया हलका भरला म्हणून त्यात चूक नाही, ते त्याचे वजनच आहे. चारमिनारच्या कमानीत मीर महबूब अली खानांच्या नाण्यांवर मीम आणि मीर उस्मान अली खानांच्या नाण्यांवर ऐन हे अक्षर असते. हा राजांमधला फरक आहे.

त्याआधीची हातोड्याने पाडलेली नाणी, म्हणजे शिवराई, जुने हाली तुकडे, दौलताबादला पडलेली तुघलकी पितळी नाणी, यांना कॉलरच नव्हती. ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे, म्हणून लेख अर्धा चकतीबाहेर जाणे हे त्यांच्यात नेहमीचे. अशा शिवराईला सरकलेल्या छापाचे एरर म्हणून जास्त भाव सांगणारा एकतर अजाण असतो, नाहीतर तुम्हाला तसे समजतो. चांदीच्या रुपयांवरचे बारीक ठोके बहुधा सराफांनी चांदी पारखताना मारलेले असतात.

८. धुऊ नका, नोंद करा

चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, पितांबरी, काहीही लावू नका. घासल्याने धातूच्या प्रवाहाच्या बारीक रेषा जातात, आणि खरेपणाचा पुरावा त्याच असतात. नाणे कडेने धरा. माती असेल तर साध्या पाण्यात भिजवा आणि टिपून घ्या, पुसू नका.

वहीत एकेका नाण्याचे किंमत, वर्ष, टांकसाळ, वजन, व्यास, चुंबक आणि खुणेचे वर्णन लिहा. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा. शेवटी एक ओळ: चूक चकतीतली, ठशातली की दाबातली. ही ओळ लिहिता आली नाही तर नाणे "इजा" लिहिलेल्या पाकिटात टाका. ते पाकीट फेकू नका, पुढची नाणी तुलनेला घेताना तेच कामाला येते. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या टाळा, त्यांनी नाण्यावर हिरवा चिकट थर चढतो.

९. घेताना आणि विकताना

छत्रपती संभाजीनगरच्या सराफ्यात, लातूरच्या गंजगोलाईत किंवा आठवडी बाजारात नाणे घेण्याआधी काटा आणि भिंग लावू द्या असे सांगा. नाही म्हटले तर पुढे चला. महाग नाणे पावतीशिवाय घेऊ नका, आणि पावतीवर "एरर" शब्दासोबत चुकीचा प्रकार लिहून घ्या.

दहा रुपयांच्या नाण्यांवरून अजून गोंधळ होतो. किरणे कमी-जास्त, रुपयाचे चिन्ह आहे किंवा नाही, हे साच्यांचे फरक आहेत. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये दहा रुपयांचे १४ साचे चलनात असल्याचे आणि सगळे वैध असल्याचे सांगितले. ती नाणी खोटीही नाहीत आणि एररही नाहीत.

फोनवर कोणी "तुमच्या नाण्याचे पाच लाख मिळतील, आधी नोंदणीचे पैसे भरा" म्हणाले, तर फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेचे नाव घेऊन कमिशन किंवा कर मागणाऱ्यांबद्दल बँकेनेच २०२१ मध्ये लोकांना सावध केले आहे. बँक जुन्या नाण्यांच्या अशा व्यवहारात नाही.

प्रयोगासाठी चालू नाणी वितळवू किंवा नष्ट करू नका, २०११ च्या नाणे कायद्याने तो गुन्हा आहे. आणि शेतात, पायाच्या खोदाईत नाण्यांचा साठा लागला, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुनी नाणी परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशातल्या गिऱ्हाइकाने कितीही भाव लावला तरी ती टपालात टाकू नका.